जिवाणू लागला

त्या सोमवारी ह्यांनी पेपरातली एकच ओळ दोनदा वाचली. मला वाटलं, मला चिडवायला.

सवयच होती त्यांची. श्रावणी सोमवारी पूजा आटोपेपर्यंत मी बोलत नाही. हे ठाऊक असल्यामुळे नेमके त्याच वेळी हे ओसरीवरच्या कदेलीवर, आपल्या जुन्या खुर्चीवर, पाय दुमडून बसायचे, पेपर मोठ्यानं वाचायचे आणि प्रत्येक बातमीवर मला प्रश्न विचारायचे. मला उत्तर देता येत नाही याची कोण मजा वाटायची त्यांना. खाणीवर वजनकाट्यावर होते तेव्हा एवढी सवड नव्हती. खाण बंद झाली, काजूची बाग पावसाळ्यात काही काम मागत नाही, मग जगाची सगळी काळजी गोव्याच्या हद्दीवरच्या आमच्या लाटंबार्श्याच्या ओसरीवर येऊन बसली.

"हवामान खात्यान रेड अलर्ट दिलो गो. म्हणजे आज कपडे भायर वाळत घालूक हरकत नाय."

"दोडामार्गातलो हत्ती परत खाली उतरलो. थंयची केळी संपली की हयसर येतलो. तेका बॉर्डर कोण दाखवतलो?"

"आता म्हणे कॉम्प्युटर माणसाचो फोटो बघून रोग सांगता. मगे डॉक्टराक पगार कित्याक?"

मी देवघरातून घंटा वाजवायची. एकदा वाजवली म्हणजे ऐकलं. दोनदा वाजवली म्हणजे पुरे.

त्या दिवशीची बातमी पाण्याची होती. आमच्या बाजूच्या वाड्यांवर उलट्या-जुलाबाची माणसं सापडली होती, आणि पाणी तपासायला नेलं होतं. "विहिरींच्या पाण्यात जिवाणू," हे वाचले. मग थांबले. मग परत, हळू, शब्द शोधत असल्यासारखे वाचले, "विहिरींच्या... पाण्यात जिवाणू."

चिडवायला वाटलं त्याला कारण होतं. माझं माहेर पार्श्याचं, आम्ही सातेरीची माणसं. आमच्या देवळातली देवी म्हणजे वारूळ, आणि वारुळाचा राखणदार कोण हे लहान पोरालाही माहीत. पण त्याचं पुस्तकातलं नाव घरात कोणी घेत नाही. दिवेलागणीनंतर घेत नाही, श्रावणात तर मुळीच नाही. दिसला तर 'जिवाणू दिसला' म्हणायचं. कोणाला डसला तर 'जिवाणू लागला' एवढंच म्हणायचं. शाळेत धड्यात ते नाव आलं की मी नुसते ओठ हलवून पुढे जायची, आणि आमच्या बाई, त्याही पार्श्याच्याच, पुस्तकातून डोळे वर करायच्या नाहीत. पन्नाशी उलटली तरी ते नाव माझ्या तोंडून गेलं नव्हतं. पेपरवाले पाण्यातल्या रोगाच्या किड्यांना जिवाणू म्हणतात हे मला कळत होतं, पण कानाला ते कधी बरं वाटलं नाही.

"अक्षरां दोन दोन दिसतत," हे म्हणाले.

मी घंटा दोनदा वाजवली.

पूजा आटोपून तीर्थ घेऊन बाहेर आले तर पेपर मांडीवर होता आणि हे डोळे अर्धे मिटून बसले होते. हात पुढे केला, तीर्थ तोंडात घेतलं, आणि ते गिळलंच नाही. ओठाच्या कोपऱ्यातून हनुवटीवर आलं.

"अहो, काय होतंय?"

"पोटात कळ मारता. रात्रीपासून." जीभ जड लागत होती, पान खाऊन बोलावं तशी. "लाइट गेली, भितर जीव घुसमटलो, म्हणान हयसर भुईर हातरूण घातलंय. झोप खंय लागली. कायतरी मुंगयेसारखा चावला, झटकून टाकलंय."

मला अजून काही वाटलं नव्हतं. वाटलं पित्त असेल, ओवा देऊ. त्यांचं अंथरूण तसंच जनेलाखाली, उघड्या खिडकीपाशी, पडलं होतं, पावसाची झड लागून कडेला ओलं झालं होतं. ते गुंडाळायला मी वाकले आणि उशी उचलली.

उशीखाली तो होता. काळा, तेल लावल्यासारखा चकचकीत, अंगावर बारीक पांढरे पट्टे. फणा नाही, फुत्कार नाही. मी उशी धरून उभी, तो हळूच उलगडला आणि भिंतीकडेच्या नारळाच्या सोडणांच्या ढिगाखाली गेला. माझे हात आपोआप जोडले गेले. जोडलेल्या हातांनीच मी मागे वळून ह्यांच्याकडे पाहिलं. त्यांच्या पापण्या आता डोळ्यांवर पूर्ण आल्या होत्या आणि बघण्यासाठी त्यांनी मान मागे टाकली होती.

शेजारच्या गौरेशला हाक मारली. मारली म्हणजे काय, माझा आवाज अंगणापलीकडे जात नाही, मी पावसातून धावत गेले. तो पिकअपमध्ये भाजीचे क्रेट चढवत होता. "ह्यांका जिवाणू लागलो," मी म्हटलं. त्यानं हातातला क्रेट तिथंच सोडला. दुसरं काही विचारलं नाही.

गाडीत ह्यांना मध्ये बसवलं. मान टेकत नव्हती, माझ्या खांद्यावरून घसरत होती.

"काकानू, निजू नकात," गौरेश सारखा बोलत होता. "हत्तीचा काय झाला ता सांगा. येता मरे तो आमच्याकडे? माझी केळी आसत, माका आदी कळाक व्हया."

हे काहीतरी म्हणाले. शब्द कळला नाही, पण सूर चेष्टेचा होता. तेवढ्यानं मला धीर आला. तो काही वेळच टिकला, कारण पुढच्या वळणावर त्यांच्या तोंडातून लाळ माझ्या पदरावर आली आणि त्यांना ती पुसताही येईना.

सरकारी दवाखान्यापाशी गौरेशनं ह्यांना उचलूनच आत बाकावर ठेवलं. "काकी, तुमी डॉक्टराक सांगा. मी परत जातंय. तो खंयचो हा ता बघूक व्हया, फोटो काडून काकांच्या मोबायलार धाडतंय."

"मारू नको रे."

"मारणंय नाय. डब्यात घालतंय, मगे वनखात्यावाल्याक बोलयतंय."

तो गेला.

दवाखाना भरलेला होता. बाकांवर, जमिनीवर, व्हरांड्यात माणसं होती, कोणी पोट धरून, कोणी बादली पायांत घेऊन. आतल्या खोलीत लसीकरण चाललं होतं, तिथं तान्ही मुलं एकामागून एक रडत होती. वर पत्र्यावर पाऊस. डॉक्टर संजना नवीन आल्या होत्या, लातूरकडच्या, मुलीच्या वयाच्या. एका पेशंटची नाडी धरून दुसऱ्याशी बोलत होत्या. ह्यांना पाहून लगेच आल्या, हे मात्र खरं.

"काय झालं काकांना?"

मी नीट, पुस्तकी मराठीत सांगायचं ठरवलं. बाहेरच्या माणसांशी तसंच बोलतो आम्ही. "रात्री ह्यांना जिवाणू लागला."

"हो, लागण झालेली दिसतेय. सकाळपासून तुमच्या बाजूचेच पेशंट येतायत."

"इतक्यांना लागला?"

"पावसात होतंच हे, काकू. पाणी कुठलं पिता?"

"विहिरीचं."

"मग तिथंच असणार जिवाणू."

"नाही डॉक्टर, विहिरीत नव्हता. हातरुणात होता. उशीखाली."

डॉक्टरांनी ह्यांचं पोट दाबून पाहिलं. ह्यांनी कण्हून तोंड वाकडं केलं. "अंथरूण, उशीचे अभ्रे, टॉवेल, सगळं गरम पाण्यातून काढा हं. आणि आठ दिवस पाणी उकळूनच प्या."

मला वाटलं, हा नवा उपाय असेल. तरी मी म्हटलं, "मी स्वतः बघितला त्याला."

"काकू, तो डोळ्यांना दिसत नाही."

"मला दिसला."

त्या माझ्याकडे बघून हलकं हसल्या. आणि मला, देवाशपथ सांगते, त्या क्षणी बरं वाटलं. मला वाटलं, राखणदाराबद्दलच बोलतायत, तो सगळ्यांच्या दृष्टीस पडत नाही असं म्हणतायत. एवढी शिकलेली मुलगी आणि किती श्रद्धेनं बोलते.

"त्याच्यावरचं औषध आहे ना तुमच्याकडे?" मी विचारलं.

"जिवाणूंवरचं? आहे, भरपूर आहे. शिरेतूनच देते, म्हणजे लवकर उतार पडेल." त्यांनी स्वतः सुई लावली, सलाईन चढवलं, त्यात एक इंजेक्शन सोडलं. "डोळे उघडत नाहीत ते अशक्तपणामुळे. रात्रभर झोपले नसतील."

"नाही झोपले."

"पडू द्या त्यांना. मी परत येऊन बघते." आणि त्या बादली घेऊन बसलेल्या बाईकडे गेल्या.

मी बाकाच्या कडेला बसले. औषध थेंब थेंब उतरत होतं, आता काळजी नाही, असं मनाला सांगत होते. ह्यांचा हात हातात घेतला तर त्यांची बोटं माझ्या तळहातावर हलायला लागली. आधी वाटलं, थरथरतायत. मग कळलं, काहीतरी काढतायत. एक लांब रेघ, वळवळती, परत पहिल्यापासून तशीच.

"होय हो, तोच," मी त्यांच्या कानाशी म्हटलं. "सांगितलंय मी डॉक्टरांना. औषध चालू आहे."

बोटांनी माझा हात घट्ट धरला आणि हलवला. नाही म्हणावं तसा. मग परत ती रेघ. त्यांच्या घशातून आवाज आला, शब्द झाला नाही. पापणीखालून पाणी आलं. मला वाटलं, दुखत असेल. मी पदरानं डोळे टिपले आणि मनात महामृत्युंजय सुरू केला. रेघ अर्ध्यावर आली आणि बोट थांबलं. मी वाट पाहिली. बोट परत हललं नाही.

त्यांच्या खिशात फोन थरथरला. माझं लक्ष तिकडे नव्हतं. मी त्यांची छाती बघत होते. ती उचलत होती, पण उथळ, आणि दोन श्वासांमध्ये इतकं अंतर पडायचं की माझा मंत्र पुढे जायचा आणि मी मागे येऊन वाट बघायची.

डॉक्टरांना हाक मारावी असं वाटत होतं. पण त्यांनी बघून औषध दिलं होतं, आणि बाकीचीही माणसं आजारीच होती. मी आयुष्यात कधी रांग मोडलेली नाही. कोणाकडे तरी बघायला हवं म्हणून समोरच्या भिंतीकडे पाहिलं.

भिंतीवर एक पोस्टर होतं. नळ, साबण लावलेले दोन हात, उकळत्या पाण्याचं पातेलं. वर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'जिवाणूंपासून बचाव करा'. आणि एका गोलात, भिंगाखाली धरल्यासारखे, शेपट्या असलेले बारीक हिरवे किडे.

मी ते परत वाचलं. हात धुवा. पाणी उकळा. अंथरूण गरम पाण्यातून काढा, असं डॉक्टर म्हणाल्या होत्या. तो डोळ्यांना दिसत नाही, असं म्हणाल्या होत्या. मी सलाईनच्या बाटलीकडे पाहिलं. ह्यांना ते कळलं होतं. रोज पेपर वाचणारा माणूस, त्यांना दोन्ही अर्थ ठाऊक होते. सगळं ऐकत, डोळे मिटून, तोंड न उघडता पडले होते आणि माझ्या हातावर तेच काढून दाखवत होते, आणि मी म्हणत होते, औषध चालू आहे.

मी उठले. डॉक्टरांच्या टेबलाभोवती माणसं होती.

"ओ मावशे, लाइनीन ये मगो," कोणीतरी म्हणालं.

"डॉक्टर," मी म्हटलं, "तो जिवाणू नाही."

"काय म्हणालात?" त्या कोणाला तरी गोळ्या समजावून देत होत्या. "सकाळी एक, रात्री एक."

"ह्यांना जिवाणू नाही लागला. म्हणजे, तुमचा नाही. जनावर आहे."

"जनावर? कुत्रं चावलंय का?"

"कुत्रं नाही. लांब. लांबडं."

"काकू, बसा तुम्ही तिथं. येतेच मी दोन मिनिटांत."

तो शब्द माझ्या जिभेवर होता आणि जीभ उचलत नव्हती. ही लाज नव्हती, भीतीही म्हणता येणार नाही. इतक्या वर्षांत ती वाटच तयार झाली नव्हती. सोमवार होता, श्रावण होता, आणि सातेरी माझ्याकडे बघत होती, हे मला दवाखान्याच्या फरशीइतकं खरं होतं. मी मनात म्हटलं, आई, ह्याचा जाब मला नंतर विचार.

"साप," मी म्हटलं.

पत्र्यावर पाऊस होता. आतलं मूल रडत होतं. कोणालाही ऐकू गेलं नाही. डॉक्टर कागदावर लिहीतच होत्या.

मी टेबलावर दोन्ही हात टेकवले. "साप चावलाय ह्यांना. साप. काल रात्री साप चावला." माझाच आवाज मला ओळखू येईना. रांगेतली माणसं मागे सरली. लसीकरणाच्या खोलीतून सिस्टर सुविधा दारात आली.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "तुम्ही मघाशी जिवाणू म्हणालात."

"मॅडम," सुविधा दारातूनच म्हणाली, आणि तिचा चेहरा उतरला होता, "आमच्यात सापालाच जिवाणू म्हणतात."

डॉक्टर बाकाकडे धावल्या. ह्यांच्या पापण्या बोटांनी वर केल्या, आत टॉर्च मारला. "काका, मान उचला. काका, जीभ बाहेर काढा. माझं बोट दाबा." काहीच झालं नाही. त्यांनी ह्यांचे पाय, हात, मान, कानामागे सगळं उलटून पाहिलं. "दाताची खूणच नाही. काळा होता? पट्टे होते?"

"काळा. पांढरे पट्टे."

"नक्की?"

मला गौरेश आठवला. ह्यांच्या खिशातून फोन काढला, तर तो कुलूप लावलेला. ह्यांच्या बोटाशिवाय उघडत नाही, असं हे मला अभिमानानं सांगायचे. मी त्यांचा अंगठा धरला. तो इतका सैल होता की दोनदा काचेवरून घसरला. तिसऱ्यांदा मी तो दोन्ही हातांनी दाबून धरला आणि फोन उघडला. प्लॅस्टिकच्या डब्यात, पट्ट्यापट्ट्यांचा, तोच.

"मण्यार," डॉक्टर म्हणाल्या. पुढचं त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. "सुविधा, ते लसीकरण थांबव. विषावरच्या सगळ्या बाटल्या आण. ॲम्ब्युलन्स दाराशी लाव. ऑक्सिजन. आणि तो फुगा आण, फुगा."

त्यांनी ह्यांच्या घशात नळी घातली तेव्हा मी भिंतीकडे तोंड केलं. परत वळले तर नळीला एक रबरी फुगा लावला होता आणि डॉक्टर तो दाबत होत्या. दाबला की ह्यांची छाती वर यायची. सोडला की खाली जायची. आपोआप वर येणं बंद झालं होतं.

दवाखान्यात एवढी माणसं टाकून सुविधाला निघता येईना. ॲम्ब्युलन्समध्ये डॉक्टर, मी आणि पुढे ड्रायव्हर. रस्ता ओढ्यासारखा झाला होता. डॉक्टरांना एका हातानं नळी सांभाळायची होती, दुसऱ्या हातानं विषावरचं औषध सोडायचं होतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"काकू, हे धरा. दाबा. सोडा. एवढंच. थांबायचं नाही."

मी धरलं आणि दाबायला लागले.

"इतकं भरभर नको. हळू. तुम्ही शांत श्वास घेता तसं."

मला शांत श्वास कुठून येणार. माझी बोटं पळत होती. मग मी जपमाळ ओढते तशी सुरुवात केली, एक मणी दाबायचा, पुढचा मणी येईपर्यंत सोडायचा. माळ नव्हती, मेरुमणी नव्हता, किती झाले ते कळायचा प्रश्नच नव्हता.

"असंच," डॉक्टर म्हणाल्या. "हे सोडू नका."

साखळी गावाच्या बाजारात गाडी अडकली. सायरन वाजत होता आणि पुढे एक टेम्पो बंद पडला होता. माणसं छत्र्या टाकून त्याला ढकलत होती. माझ्या मनगटात कळ आली, मग मुंग्या आल्या. मी हात बदलला, मध्ये एक श्वास चुकला, आणि डॉक्टर ओरडल्या नाहीत, पण त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं ती पुरे होती.

पुष्कळ वेळानं त्या म्हणाल्या, "मी विचारायला हवं होतं. तुम्ही डोळ्यांनी पाहिला म्हणालात तेव्हा."

"मला वाटलं, तुम्ही देवाचं बोलताय."

टेम्पो हलला, गाडीला धक्का बसला, आणि त्या नळीवर वाकल्या.

मोठ्या इस्पितळात ह्यांना दारातूनच आत नेलं. फुगा माझ्या हातातून काढून घेतला तरी माझी बोटं दाबत राहिली. संध्याकाळी तिथल्या मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं, आता यंत्र श्वास देतंय. विष नसांवर बसलंय, औषधानं ते पसरायचं थांबेल, पण जे बसलंय ते आपल्या चालीनं सुटेल. सुटेलच असं सांगत नाही. "आणि एक लक्षात ठेवा, ते झोपलेले नाहीत. त्यांना सगळं ऐकू येतं. फक्त हलता येत नाही."

हे मला आधीच कळलं होतं.

मला भेटायला थोडाच वेळ आत सोडायचे. हे पडलेले, पापण्या चिकटपट्टीनं बंद केलेल्या, तोंडात नळी. यंत्राचा आवाज. सिस्टर सांगायची, बोला त्यांच्याशी. मी काय बोलणार. सगळा जन्म बोलायचे ते, आणि मी ऐकायची. पहिल्या भेटीत मी नुसतं स्तोत्र म्हटलं. दुसऱ्या भेटीतही. मग वाटलं, अंधारात पडलेल्या माणसाला दिवसभर स्तोत्र ऐकवलं तर तो काय समजेल. तो समजेल, आपलं संपलं.

पुढच्या भेटीत मी कदेल जवळ ओढली. म्हटलं, गौरेशनं वनखात्याच्या माणसाला बोलावून त्याला डोंगरापलीकडे सोडून दिलं. म्हटलं, सोडणं सगळी अंगणात काढली, ओसरी धुऊन घेतली, विहिरीत पावडर टाकली. म्हटलं, मी त्याचं नाव घेतलं. सगळ्यांसमोर, ओरडून घेतलं. देवीकडे मला गाऱ्हाणं घालावं लागेल. यंत्र श्वास देत होतं. चेहरा मेणासारखा होता. मोठे डॉक्टर पलीकडच्या खाटेपाशी उभे होते आणि त्यांनी सकाळी सिस्टरला म्हटलेलं मी ऐकलं होतं, अजून काहीच हालचाल नाही, जरा लांबतंय.

"आणि आणखी एक," मी म्हटलं. "देवीला मी सांगून ठेवलंय. तुम्ही बरे झालात की दिवाळीपर्यंत मासळी खाणार नाही. श्रावणात मासळीसाठी बोटांवर दिवस मोजता तुम्ही, पण आता चतुर्थी झाली तरी नाही. तुमच्या नावानं बोललेय. सुकी मासळीही नाही."

ह्यांच्या कपाळावर, दोन भुवयांच्या मध्ये, एक आठी आली.

मी पुढे वाकले. पावसाळी उजेड होता, डोळे माझेही धड नव्हते. आठी गेली होती.

"सिस्टर," मी म्हटलं. माझा आवाज परत लहान झाला होता, पण ती जवळच होती, तिनं ऐकलं. तिनं डॉक्टरांना बोलावलं. डॉक्टरांनी टॉर्च काढला, ह्यांच्या कपाळावर धरला आणि वाट पाहिली. काही नाही.

"तुम्ही आता काय बोललात त्यांच्याशी?"

मला लाज वाटली. "घरगुती होतं."

"तेच परत बोला."

मी ह्यांच्या कानाशी गेले. "दिवाळीपर्यंत," मी म्हटलं. "सुंगटांची कढीसुद्धा नाही. शब्द दिलाय मी."

डॉक्टरांचा टॉर्च हलला नाही. त्या उजेडात ती आठी परत आली, हळूहळू, जड दार ढकलावं तशी, आणि ह्या वेळी ती लवकर गेली नाही.

"परत," डॉक्टर म्हणाले.